हातावर टॅटू आहे म्हणून "दुसरी कुणी पाठवा"

नेचा_नाशिक

नमस्कार मंडळी. तीनचार वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, वय ३४, नाशिकला होम व्हिजिट्स करते. मागच्या सोमवारी एक नवीन पेशंट मिळाल्या, ७९ वर्षांच्या आजी, बाथरूममध्ये पडून खुबा मोडलेला, ऑपरेशन होऊन घरी आल्या होत्या. वॉकर धरून उभं करायचं, चार पावलं चालवायचं, पलंगावर बसून घोट्याचे नि गुडघ्याचे व्यायाम, नेहमीचंच. पहिले दोन दिवस छान गेले. थंडी होती म्हणून मी स्वेटर घालून गेले होते, बाह्या वर केल्या त्या हात धुण्यापुरत्याच. तिसऱ्या दिवशी ऊन होतं, हात धुवायच्या आधी स्वेटर काढला आणि आत हाफ बाह्यांचा कुर्ता. डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत नेच्याचं पान आहे माझ्या, साधं काळं लाइनवर्क, एक टोक वळलेलं. सूनबाई चहा घेऊन आल्या, हाताकडे बघितलं, चहा ठेवला आणि आत गेल्या. काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी एजन्सीचा फोन, "मॅडम, तुमच्या कामाबद्दल तक्रार नाहीये हां, पण घरचे म्हणतायत दुसरी कुणी पाठवा, ते हाताचं जरा... घरात तरुण मुलगी आहे म्हणे."

घरात तरुण मुलगी आहे!! म्हणजे मी काय शिकवणार होते तिला, क्वाड्रिसेप्सचे व्यायाम?

आणि आता खरी गंमत. त्या आजींच्या दोन्ही हातांवर गोंदण आहे. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. उजव्या हातावर तुळशीवृंदावन, त्याच्या खाली विंचू, बोटांच्या पेरांवर ठिपके, हनुवटीवर तीन ठिपके. सुरकुत्यांमुळे विंचवाच्या नांग्या आता एकमेकांत गेल्यात. रोज तोच हात धरून मी त्यांना उभं करत होते.

टॅटूचं म्हणाल तर मी २६ वर्षांची असताना काढला, आवडला म्हणून. कुणी गेलं नव्हतं, ब्रेकअप नव्हता, डिप्रेशन नव्हतं. हे आधीच सांगून टाकते कारण तोच प्रश्न पहिला येतो.

तुमचे अनुभव सांगा. उघड दिसणारा टॅटू असलेले, आणि तो बघून नाक मुरडणारे पण. खरंच जाणून घ्यायचंय काय येतं मनात.


कट्टेकरी

रुमाल टाकून ठेवतो, रात्री सविस्तर लिहितो. (हे वाक्य मी २०११ पासून लिहितोय)


स्पष्टवक्ता

राग मानू नका ताई पण त्यांचं घर आहे, त्यांनी कुणाला घरात घ्यायचं हा त्यांचा प्रश्न आहे. तुम्हाला टॅटू काढायचं स्वातंत्र्य आहे तसं त्यांना नको म्हणायचं पण आहे की. आपण काहीतरी उघड्यावर मिरवायचं आणि वर लोकांनी बघू पण नये, मत पण बनवू नये, असं कसं चालेल.


नेचा_नाशिक

स्पष्टवक्ता, नको म्हणू नये असं मी कुठे म्हटलंय? मत काय बनवलं आणि कशावरून बनवलं ते विचारतेय. दोन दिवस तीच मी होते, तेच हात होते, आजी चार पावलांवरून अकरा पावलांवर आल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्याच हातांवर एक पान दिसलं आणि घरातल्या तरुण मुलीला धोका निर्माण झाला. आणि मिरवायचं म्हणाल तर आमच्या कामात बाह्या कोपराच्या वर लागतातच, हात कोपरापर्यंत धुवावे लागतात.


माधवकाका_ठाणे

मी ३१ वर्षं एचआरमध्ये काढली, आता रिटायर्ड आहे त्यामुळे खरं बोलायला हरकत नाही.

आम्ही टॅटू बघून माणसं नाकारली आहेत. एकदोन नाही, बरीच. फ्रंट ऑफिसला, सेल्सला, क्लायंटसमोर जाणाऱ्या कुठल्याही पोस्टला. पण एक गोष्ट लक्षात घ्या, फाइलवर "टॅटू" असं कारण मी एकदाही लिहिलेलं नाही आणि दुसऱ्या कुणी लिहिलेलंही बघितलं नाही. लिहायचो "कम्युनिकेशन स्किल्स", "कल्चरल फिट नाही". एक मुलगा आठवतो, मानेवर कानाच्या खाली छोटा पक्षी होता, बोलायला अतिशय चांगला, मराठी हिंदी इंग्लिश तिन्ही फर्डा. त्याला मी "कम्युनिकेशन" म्हणून नाकारलं. तो मुलगा नंतर कुठेतरी कम्युनिकेशनचा क्लास लावून बसला असेल या विचाराने अजून कानकोंडं व्हायला होतं.

मनात काय यायचं विचारलंत म्हणून सांगतो. टॅटू वाईट असं नव्हतं वाटत, "हा माणूस उद्या ऐकेल का" असं वाटायचं. ज्याने आईबापाला न विचारता अंगावर कायमचं काहीतरी काढून घेतलं तो साहेबाला काय विचारणार. सगळा मामला आज्ञाधारकपणाचा होता.


विंचू_चावला

काका दंडवत घ्या. इतकं प्रामाणिक फोरमवर कुणी लिहीत नाही.

माझा किस्सा. बारावीत असताना गावच्या जत्रेत बॅटरीवर चालणारं मशिन घेऊन एक जण बसायचा, समोर पत्र्यावर डिझाइनं, मारुती, त्रिशूळ, गुलाब, आणि नाव पाहिजे असेल तर अक्षरामागे पैसे. सुई तीच, बादलीतलं पाणी तेच, फडकं तेच, आता विचार केला की घाम फुटतो. मी तीन अक्षरी नाव घातलं दंडावर. तिला दाखवलं तर ती म्हणाली "अय्या, लिहिताना वेलांटी चुकलीये" आणि पुढच्या वर्षी लग्न करून गेली. लग्नाआधी बायकोला दाखवलं, तिने अट घातली एकतर हे जाईल नाहीतर मी. मग पुण्यात कव्हरअप करून घेतलं, वर गरुड काढलाय. आता ती गरुडाच्या पोटात आहे, वेलांटी सकट. ऊन पडलं विशिष्ट अँगलने की दिसते असं मित्र म्हणतात, बायकोला सांगू नका.

जजमेंटचं म्हणाल तर नाव होतं तेव्हा लोक हसायचे, गरुड झाल्यापासून रिक्षावाले "दादा" म्हणतात. मी साधा अकाउंटंट आहे हो.


पोहे_नकोत

मुलींचं वेगळंच असतं. माझ्या मानेच्या मागे तीन छोट्या चांदण्या आहेत, केस मोकळे सोडले की दिसत नाहीत. दोन वर्षं बघायचे कार्यक्रम चालू होते तेव्हा आईचं ठरलेलं वाक्य, "केस बांधू नकोस." मे महिन्यात, विदर्भात, केस मोकळे सोडून पोह्यांची डिश घेऊन!! एका ठिकाणी मुलाची काकू पाणी प्यायला म्हणून किचनमध्ये आली, मी तेवढ्यात गरमीने केस वर धरले होते, तिला दिसलं. तिथे काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मध्यस्थांकडून निरोप, "मुलगी जरा फॉरवर्ड वाटली."

आणि त्या मुलाच्या मनगटावर ॐ होता. मोठ्ठा. तो फॉरवर्ड नव्हता, तो संस्कारी होता.


कोल्हापूरकर_रांगडा

पोहे_नकोत, बरोबर मुद्द्यावर बोट ठेवलंस बघ. आमच्याकडं शिवजयंतीच्या आधी टॅटूवाल्याकडं रांग लागते. राजमुद्रा, जगदंब, महाराजांचा चेहरा. हातभर राजमुद्रा घेऊन पोरगं घरी आलं की आई ओवाळते, आजूबाजूचे फोटो काढतात. त्याच पोरानं त्याच हातावर मासा काढला तर बाप विचारतोय कुठल्या नादाला लागलास. शाई तीच, मशिन तेच, आर्टिस्ट सुद्धा तोच. क्रिकेटपटूंचं बघा, कोहली नि पंड्याचे हात भरलेत, त्यांची पोस्टरं हॉलमध्ये चालतात, पण शेजारचा पोरगा तसाच हात घेऊन जिना उतरला की काकू पोरीला आत बोलावणार.

म्हणजे टॅटूनं कुणाचं काही बिघडत नाही, तो कुणाच्या अंगावर आहे त्यावर सगळं ठरतंय. मार्केट यार्डातल्या हमालाच्या हातावर बदाम आणि बाण असला की तो टपोरी. आयटीतल्या पोराच्या हातावर तसाच बदाम असला तर "मिनिमल" म्हणे.

(अवांतर: महाराजांचा टॅटू पायावर काढू नये यावर आमच्या पेठेत एकदा जवळजवळ हाणामारी झालेली. पायावर कुणी काढला पण नव्हता, नुसती चर्चा होती.)


डॉ_कातडीसोलू

स्किनचा डॉक्टर आहे, आयडी कॉलेजच्या मित्रांनी ठेवलेला, हसू नका.

धागाकर्तीने आजींच्या गोंदणाचा रंग लिहिला नाही पण मी सांगतो, हिरवट निळा असणार. लोकांना वाटतं जुन्या बायका हिरव्या पाल्याच्या रसाने गोंदायच्या म्हणून हिरवं. मुख्य रंग काजळीचा, म्हणजे कार्बन, काळाच. तो कातडीच्या वरच्या थराखाली, डर्मिसमध्ये बसतो, तिथल्या पेशी ते कण गिळून धरून ठेवतात म्हणून आयुष्यभर जात नाही. आणि इतक्या खोलवरचं काळं बाहेरून बघताना प्रकाश विखुरल्यामुळे निळसर दिसतं. नेचाताई, चाळीस वर्षांनी तुमचं पानही तसंच दिसणार आहे.

माझ्याकडे काढून टाकायला येणारे तीन प्रकारचे. भरतीला बसलेली पोरं, लग्न ठरलेल्या मुली, आणि नाव चुकलेले (विंचू_चावला, नमस्कार). सगळ्यांना वाटतं लेझर म्हणजे खोडरबर. तसं नसतं. काळी शाई त्यातल्या त्यात बरी जाते, हिरवी आणि पिवळी फार त्रास देते. दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे ठेवावे लागतात आणि किती सिटिंग लागतील ते आधी नक्की सांगता येत नाही. शिवाय आपल्या सावळ्या कातडीवर लेझर जास्त लावला तर तिथे पांढुरका डाग राहू शकतो, म्हणजे टॅटू गेला तरी टॅटूचा आकार शिल्लक. साखरपुडा पुढच्या महिन्यात आहे, काढून द्या, असं म्हणत येऊ नका प्लीज.

आणि एक गैरसमज. टॅटूवाल्याचं रक्त कधीच चालत नाही असं लोक छातीठोक सांगतात. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना (२०१७) नुसार टॅटू काढल्यावर १२ महिने थांबायचं, एवढंच. नंतर इतर सगळं ठीक असेल तर खुशाल द्या. आमच्या सोसायटीच्या शिबिरात एका मुलाला टॅटू बघून गेटवरूनच परत पाठवत होते, "ड्रग्जवाला असेल" म्हणून. टॅटू सहा वर्षं जुना होता. मी भांडून त्याला आत घेतला.


सातारकर_सर

डॉक्टरांनी भरतीचं काढलं म्हणून लिहितो, मी भरतीपूर्व अकादमी चालवतो. इथं टॅटू म्हणजे समाज काय म्हणेल वगैरे नाही, सरळ मेडिकलला अनफिट.

नियम पोरांना माहीत नसतात म्हणून नीट लिहितो. आर्मीत हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या आतपासून मनगटापर्यंत, आणि तळव्याच्या मागच्या बाजूला कायमचा टॅटू चालतो. बाकी अंगावर कुठंही असला तर नाही. आदिवासी उमेदवारांच्या परंपरेनुसार असलेल्या गोंदणाचा वेगळा विचार होतो. निमलष्करी दलांत म्हणजे सीआरपीएफ, सीआयएसएफ वगैरेंत डाव्या हाताच्या आतल्या बाजूला किंवा तळव्याच्या मागं, कारण सॅल्यूट उजव्या हातानं करतात. आणि तोही त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा लहान पाहिजे.

आता आमचं पोरगं काय करतं, सोळाव्या वर्षी यात्रेत जातं आणि उजव्या दंडावर आईचं नाव गोंदून येतं. आईवर प्रेम आहे, वाईट काही नाही. दोन वर्षांनी ग्राउंडवर सोळाशे मीटर पहिल्या नंबरात मारतं आणि मेडिकलला दंड बघून बाहेर. मी एक पोरगा असा बघितलाय ज्यानं चुना आणि सोडा लावून ते नाव जाळायचा प्रयत्न केला. नाव गेलं, पण जखमेचा एवढा मोठा वण उठला की परत अनफिट.

कोर्टात पण गेलेत लोक. सोलापूरच्या एका उमेदवाराला सीआयएसएफनं उजव्या हातावरच्या धार्मिक टॅटूवरून नाकारलं होतं, डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई हायकोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. पण प्रत्येक पोराला हायकोर्ट परवडत नाही. त्यामुळं माझ्या अकादमीत पहिल्या दिवशी शर्ट काढायला लावतो सगळ्यांना.


स्पष्टवक्ता

बघा, म्हणजे सरकार सुद्धा नियम करतंय. मग एका सूनबाईंनी केलं तर एवढं काय.


सातारकर_सर

साहेब, सरकारचा नियम लिहिलेला आहे, मोजपट्टी लावून आहे, आणि विरोधात कोर्टात जाता येतं. सूनबाईंच्या नियमाला अपील कुठं करायचं?


कट्टेकरी

सर ऑन फायर 🔥


बखरवाला

या सगळ्याला एक जुनी किनार आहे. कंपनी सरकारच्या काळात बंगाल आणि मद्रास इलाख्यात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवत असत, गोदना म्हणत त्याला. हेतू हा की पळून गेला तरी तोंड लपवता येऊ नये. ते बंद झालं १८४९ मध्ये. कैदी मग फेटा कपाळावर खाली ओढून बांधत, केस पुढे घेत. पोहे_नकोत यांचे मोकळे केस वाचून मला तेच आठवलं, क्षमस्व.

म्हणजे त्याच काळात, त्याच देशात, बाईच्या कपाळावरचा ठिपका सौभाग्याचा होता आणि कैद्याच्या कपाळावरची अक्षरं शिक्षेची. गोंदण बघून माणूस "वाचायची" सवय आपल्याला फार जुनी आहे. आपल्याकडे तर गोंदण नसलेल्या बाईला मेल्यावर वर विचारतात, काय घेऊन आलीस, दागिने तर खालीच राहिले, असं आजी सांगायची. त्यांच्या हिशोबाने कोरा हात म्हणजे दारिद्र्य.


भामरागडचा_मास्तर

खूप वेळ वाचत होतो, लिहू की नको चाललं होतं.

मी आश्रमशाळेत शिकवतो. इथल्या माडिया आदिवासींत बायकांच्या चेहऱ्यावर गोंदण असतं, कपाळ, गाल, हनुवटी. आमच्या एका विद्यार्थिनीची आई आजारी होती, तिला घेऊन शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो होतो मागच्या वर्षी, ती मुलगी पण बरोबर. केसपेपरच्या रांगेत तासभर उभे होतो. पुढच्या एका पोराने मोबाईल काढला आणि त्या बाईच्या चेहऱ्याचा फोटो घेतला, विचारलं नाही काही नाही. मी हटकलं तर म्हणतो "सर, आर्टिस्टिक आहे, ट्रायबल." त्याच्या स्वतःच्या दंडावर काळा पट्टा होता, तो पण "ट्रायबल" च म्हणतात ना तुमच्याकडे. तसले पट्टे मुळात पॉलिनेशिया, बोर्निओकडचे. त्याला हजारो किलोमीटर लांबचे आदिवासी दंडावर चालत होते, रांगेत मागे उभी असलेली बाई मात्र फोटोचा विषय होती. त्या मुलीने आईच्या डोक्यावरचा पदर पुढे ओढला, गालापर्यंत. आईला कळलंच नाही का ओढला ते, तिने परत मागे सारला.

परत येताना बसमध्ये मुलगी मला म्हणाली, सर मी तोंडावर गोंदून घेणार नाही. मी काही बोललो नाही. आपली संस्कृती वगैरे सांगणारे खूप भेटतात तिला, मला त्यात भर घालायची नव्हती. नको तर नको. फक्त ते तिने रांगेत उभं राहून ठरवावं लागलं हे मला अजून टोचतंय.


पोहे_नकोत

मास्तर 🙏 काय लिहू कळत नाहीये.


ओसाकाची_वहिनी

मास्तरांची पोस्ट वाचून इथलं आठवलं. जपानमध्ये गरम पाण्याच्या सार्वजनिक स्नानगृहांत, ऑनसेनमध्ये, बऱ्याच ठिकाणी दारावरच पाटी असते टॅटूवाल्यांना प्रवेश नाही. कारण याकुझा, म्हणजे इथल्या गुंडांच्या टोळ्या. टॅटू म्हणजे गुंड हे इथे इतकं पक्कं आहे की २०१३ मध्ये उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर न्यूझीलंडच्या एका माओरी बाईंना हनुवटीवरच्या पारंपरिक गोंदणामुळे परत पाठवलं होतं. त्या आल्या होत्या कशाला, तर तिथल्या आदिवासी भाषांच्या परिषदेसाठी! आणि त्याच होक्काइदोच्या मूळ रहिवासी आयनू बायका पूर्वी ओठांभोवती गोंदायच्या, सरकारने बंदी घालून ते मोडलं. १८७२ पासून १९४८ पर्यंत सगळ्यांनाच टॅटूबंदी होती इथे.

माझ्या पायाच्या घोट्यावर छोटं कमळ आहे. ऑनसेनला जायचं तर त्यावर कातडीच्या रंगाची पट्टी चिकटवते, दुकानात मुद्दाम त्यासाठीच मिळते. सासूबाई इथे आल्या होत्या, त्यांच्या हातावर सासऱ्यांचं नाव गोंदलेलं. त्यांना पट्टी लावायला सांगितली तर म्हणाल्या "नवऱ्याचं नाव झाकू? मी नाही येत तुझ्या आंघोळीला." नाही आल्या.


कारखानीस

मला फक्त एवढंच म्हणायचंय की नेचाताईंनी सुरुवातीलाच लिहिलंय, काही कारण नव्हतं. हे वाक्य लिहावं लागणं हाच सगळा धागा आहे. माझ्या बहिणीच्या हातावर कुकरच्या वाफेने भाजल्याचा मोठा डाग होता, त्यावर तिने वेल काढून घेतली. लोक वेल बघून आधी तोंड वाकडं करतात, मग ती डागाचं सांगते, की लगेच "अगं बाई, असं होय, मग छान केलंस". दर वेळी. ती म्हणते मी आता भाजल्याचं सांगणंच बंद केलंय, आवडलं म्हणून काढलं म्हणते, बघू किती जण छान म्हणतात. पैठणी घेतली तर का घेतली असं कुणी विचारत नाही. टॅटूला मात्र दुखणं दाखवल्याशिवाय माफी नाही.


स्पष्टवक्ता

बरं एक कबूल करतो. माझ्या आईच्या कपाळावर गोंदण होतं. आम्ही शहरात आलो, मी कॉन्व्हेंटला होतो, पालक सभेला ती यायची तेव्हा मी तिला मोठी टिकली लावायला सांगायचो, गोंदण झाकेल एवढी. आठवी नववीत असेन. ती लावायची. या धाग्यावर लिहिताना ते डोक्यात नव्हतं, बखरवाल्यांचं वाचून आलं.

बाकी माझं मत कायम आहे, घर ज्याचं त्याचा निर्णय.


माधवकाका_ठाणे

स्पष्टवक्ता, आयडी सार्थ केलात.


नेचा_नाशिक

अपडेट आहे, जरा मोठं होणार.

तीन आठवड्यांनी सूनबाईंचा थेट मला फोन. एजन्सीने माझ्या जागी एक फिजिओ पाठवला होता, मुलगा, कामाला चांगला आहे तो, मी ओळखते. पण आजी त्याला हात लावू देईनात. "परक्या पुरुषानं मांडी धरायची नाही." दहा दिवस व्यायाम झालाच नाही, घोटा सुजला, आजी परत चार पावलांवर. तर सूनबाई म्हणाल्या, "तुम्हीच या, फक्त तेवढं पूर्ण बाह्यांचं घालून आलात तर बरं होईल."

मी गेले. पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून. घाला शिव्या, कारखानीस आणि पोहे_नकोत दोघांची माफी मागते. आजींचा पाय बघितल्यावर तत्त्व वगैरे काही सुचलं नाही आणि खरं सांगायचं तर महिन्याचे पैसे पण दिसत होते.

बाह्या कोपरापर्यंत सरकवल्याशिवाय काम होत नाही हे मी लिहिलंच होतं. सूनबाई भाजी आणायला गेल्या होत्या, मी बाह्या वर केल्या, हात धुतले, आजींना उठवायला हात पुढे केला. आजींनी उठायच्या ऐवजी हात धरूनच ठेवला. मग एका बोटाने पानाच्या दांडीवरून मनगटापर्यंत आल्या, सावकाश, निवडलेल्या तांदळातून खडा शोधतात तशा. विचारलं, "किती सुया?" मी म्हटलं आजी आता मशिन असतं. "दुखलं?" म्हटलं हो, मनगटाजवळ जास्त. "तिथंच दुखतं," म्हणाल्या, आणि स्वतःच्या मनगटावरचा विंचू दाखवला.

मग सगळं सांगितलं. नऊ वर्षांच्या होत्या. गोंदणारीण दारोदार यायची, सुया एकत्र बांधलेल्या, करवंटीत काजळी खललेली, झालं की वर हळद नि तेल. मजुरी सूपभर बाजरी. "आई, मावशी, दोन शेजारणी, चौघींनी धरून बसवलं होतं मला. मी त्या बाईला लाथ मारली, करवंटी सांडली, परत खलावी लागली." विंचू का तर लक्ष दुसरीकडे गेलं पाहिजे म्हणून गोंदणारीण म्हणाली बोल काय काढू, आणि ह्यांना रागाने विंचू आठवला. तिला चावावा म्हणून.

मी म्हटलं मला कुणी धरलं नव्हतं आजी, मी आपली आपण गेले होते, पैसे भरून, वेळ घेऊन.

आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. "आपण होऊन?" मग जे हसायला लागल्या, खुब्याला हात लावून हसत होत्या, मला भीती वाटली टाका दुखेल. तेवढ्यात सूनबाई पिशवी घेऊन दारात. माझ्या बाह्या वर, आजींचं बोट माझ्या हातावर. आजींनी तिकडे बघून सांगितलं, "अगं ही पैसे देऊन गेली होती!"

सूनबाई काही बोलल्या नाहीत. मेथी निवडायला बसल्या. कालपासून मी हाफ बाह्यांचा घालून जातेय, अजून एजन्सीचा फोन आलेला नाही. आजी आठ पावलांवर आल्यात.


विंचू_चावला

आजींचा नंबर वन आयडी "विंचू" मी घेऊन बसलोय, परत करायला तयार आहे.


डॉ_कातडीसोलू

रंग सांगा आधी, हिरवट निळा ना?


नेचा_नाशिक

हो डॉक्टर, हिरवट निळा 😄


कट्टेकरी

मंडळी आलो सविस्तर लिहायला. नेचाताई, नाशिकला कुठे काढलात हो, आर्टिस्टचा पत्ता विपू (निरोप) करा. बायकोला दाखवला धागा, तिला विंचू पाहिजे.